मुकी राखण

दिवस उगवायच्या आत दामारी माळ्यावर चढली. माळा म्हणजे चार वाकड्या मेढी आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली काटक्यांची चवड. चढताना तिचे गुडघे वाजले. खाली सून न्येमो, शहरात गेलेल्या योनाची बायको, पाठीला तान्हं पोर बांधून मेढ धरून उभी होती.

"पोरी, मातीचे गोळे भिजव जरा. वाळून खडे झालेत."

"प्यायला पाणी नाही आई, आणि गोळे भिजवू?"

"मग थुंक त्यांच्यावर. पण गोळा काठीला चिकटला पाहिजे."

न्येमो खाली बसली आणि खरंच थुंकायला लागली. मध्येच तिला हसू आलं, पण सासूनं वरून पाहिलं तशी ती गप्प झाली.

जोंधळा चिकात आला होता. दाणा नखानं दाबला की दूध बाहेर यायचं. त्या वर्षी म्पालांगा गावात पाऊस उशिरा आला तरी बरा झाला होता, ताटं पुरुषभर वाढली होती. आणि दाण्यात दूध भरलं त्याच आठवड्यात तांबड्या चोचीची पाखरं आली. चिमणीएवढा जीव, मूठभरसुद्धा नाही. पण ती एकेकटी येत नसत. ओढ्यापलीकडच्या काटेरी बनातून आधी धूर निघाल्यासारखं दिसायचं, मग तो धूर वळायचा, ताणायचा, पुन्हा गोळा व्हायचा आणि कुणाच्या तरी रानावर बसायचा. जिथं बसला तिथली ताटं वाकायची. उठला की कणसाचा नुसता भुसकट झाडू उरायचा.

"आले!" न्येमो ओरडली.

दामारीनं लवचिक काठीच्या टोकाला गोळा टोचला, काठी मागे नेली आणि झटक्यानं सोडली. गोळा सूं करून गेला. "हाऽऽ! हो हो हो हाऽऽ!" तिचा आवाज रानभर गेला. पलीकडच्या टोकाला तिचा नवरा एलिएझा दोरी ओढायला लागला. दोरीला बांधलेले फुटके डबे ताटांमधून खडखडले. एलिएझाला पाखरं दिसत नव्हती. खुपऱ्यांनी त्याच्या पापण्या आत वळल्या होत्या आणि डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला होता. पंखांचा आवाज आला की तो दोरी ओढायचा. पंख थांबले की तोही थांबायचा.

धूर उठला आणि बांध ओलांडून शेजारच्या रानावर बसला.

ते रान सेचेलेलाचं. ती एकटीच होती. हातात नुसती काठी, ना माळा, ना डबे. ती ताटांमधून पळत गेली आणि तिच्या शिव्या इकडे ऐकू आल्या. पाखरं तिथून उठली आणि पुन्हा इकडे वळली.

"देवा, तिकडंच ठेव की त्यांना," दामारी पुटपुटली आणि दुसरा गोळा काठीला टोचला.

ऊन चढलं की पाखरं सावलीला बनात जायची आणि कलल्यावर परत यायची. तेवढ्या मधल्या वेळात माणसांनी खायचं, गोळे करायचे, पाणी आणायचं. मग पुन्हा अंधार पडेपर्यंत ओरडायचं. दामारीच्या तळहातांना काठीनं फोड आले होते आणि डोळ्यांत सतत कुसळ गेल्यासारखं खुपायचं. पण तिनं ओरडणं कधी सुनेवर सोडलं नाही. गावात तिच्याइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता आणि हे तिला ठाऊक होतं.

चर्चमध्ये बायकांच्या मंडळाची ती पुढारी होती. प्रार्थनेला उभी राहिली की बाहेर सावलीत निजलेली कुत्री उठून लांब जायची, असं एलिएझा म्हणायचा, पण तिच्या माघारी. आजारी माणसाकडे तिला बोलावणं यायचं, मयताला यायचं, परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी यायचं. आणि तिच्या प्रार्थनेत बरंच काही यायचं. जेवायला बसलं की ती डोळे मिटायची आणि म्हणायची, "प्रभू, ज्यांच्या हातून उगाली करपते त्यांना तू बुद्धी दे." न्येमो सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" म्हणायची आणि पिठाच्या त्या घट्ट गोळ्याचा करपलेला तुकडा स्वतःच्या पुढ्यात ओढायची.

सेचेलेलाच्या बाबतीत मात्र ते आमेनवर मिटलं नव्हतं. नवरा गेल्यावर ती जोंधळ्याची दारू गाळून पोट भरत होती. गेल्या वर्षी एका रविवारी भर चर्चमध्ये दामारीनं प्रार्थना केली होती, "प्रभू, जिच्या मडक्यांनी आमच्या पुरुषांना रस्त्यानं रांगायला लावलं तिचं मन तू वळव." नाव घेतलं नव्हतं. पण डोळे मिटलेले असूनही सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. सेचेलेला उठली, तिनं कमरेचं कापड घट्ट केलं आणि दारातून निघून गेली. पुन्हा ती त्या दारात आली नाही. दामारीला वाटलं होतं की बाण बरोबर लागला. घरी येऊन तिनं तसं बोलूनही दाखवलं होतं. एलिएझा त्यावर नुसतं "हं" म्हणाला होता.

रविवारी तिनं रान सुनेवर आणि नवऱ्यावर सोडलं आणि ती चर्चला गेली. गेलंच पाहिजे होतं. चर्च निम्मंच भरलं होतं, सगळे राखणीला. जे आले होते तेही बाकावर बसल्या बसल्या पेंगत होते. गुरुजी योएली यांनी शास्त्र वाचलं आणि दामारीकडे पाहून मान हलवली.

ती उभी राहिली. आधी तिनं इस्राएलाच्या टोळांची आठवण काढली, मग मिसरच्या बेडकांची. मग आवाज वर चढवला. "प्रभू, तू वाऱ्याला हुकूम केलास! समुद्राला केलास! या पाखरांना हुकूम कर! आमच्या रानातून त्यांना हाकलून..."

आणि तिथं आवाज फाटला. कोंबडीच्या पिलाच्या गळ्यावर पाय पडावा तसा एक चिरका सूर निघाला आणि पुढे नुसती हवा. तिनं दोनदा तोंड उघडलं. एका बाकावर एक लहान पोर खुदकन हसलं. बायकांनी घाईघाईनं "आमेन, आमेन" म्हणून ते झाकलं.

दुसऱ्या दिवशी घशात उरलीसुरली घरघरही नव्हती. न्येमोनं मीठपाण्याच्या गुळण्या दिल्या, कसलीशी कडू साल उकळून दिली. काही झालं नाही. दामारी माळ्यावर चढली, गोळे फेकले, हात हलवले. पाखरं तिच्या डोक्यावरून गेली आणि ती तोंड उघडून नुसती बघत राहिली. ओरडणं आता न्येमोवर आलं. न्येमोचा आवाज बारीक आणि लाजरा होता. त्यात ती ओरडली की पाठीवरचं पोर दचकून रडायचं, मग तिचं निम्मं लक्ष तिकडे जायचं.

"आई, तुमच्यासारखं जमत नाही मला," ती म्हणाली.

दामारीनं हातानंच सांगितलं: पोटातून, पोटातून काढ.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर एलिएझानं सवयीनं हात मांडीवर ठेवून मान खाली घातली आणि तो थांबला. उगालीची वाफ जात होती. शेवटी त्याला आठवलं.

"अगं हो," तो म्हणाला. मग त्यानं घसा साफ केला. "देवा, जेवतो आम्ही." आणि भाजीत तुकडा बुडवला.

दामारीला ते लागलं. ही कसली प्रार्थना? जाता जाता शेजाऱ्याला हाक मारावी तशी. पण सांगणार कशानं?

आठवड्याच्या मध्यात गुरुजी सायकलवरून आले. सायकल त्यांनी ताटांना टेकवली, तसं एक ताट मोडलं. दामारीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"माफ करा, योनाची आई." त्यांनी सायकल काढून हातात धरली. "तालुक्याच्या साहेबांकडे जाऊन आलो. विमानानं बनावर औषध मारतो म्हणाले होते ना? आता म्हणतात विमान दुसरीकडे गेलंय. आलं तर येईल."

"आलं तर येईल, हे पाखरांना सांगितलं का त्यांनी?" एलिएझा दोरीजवळून म्हणाला.

"म्हणून म्हटलं, शुक्रवारी सगळ्या गावानं उपास करून प्रार्थना करावी. योनाच्या आईनं पुढं उभं राहावं."

दामारीनं गळ्यावर बोट ठेवलं आणि हात झटकला.

"अजून नाही आला आवाज?" गुरुजींचा चेहरा पडला. "मग उपास पुढं ढकलू. पण देवाला मुक्याचंही ऐकू येतं."

ते चांगल्या मनानं बोलले होते. पण दामारी चिडली आणि त्या भरात तिनं एक गोळा इतक्या जोरानं सोडला की काठीच मोडली. इतकी वर्षं ती उभी राहून बोलत आली होती. मुक्यांचंही ऐकू येत होतं, तर मग ती काय करत होती?

त्याच संध्याकाळी तिला दुसरी गोष्ट कळली. पोराला मांडीवर घेतलं तेव्हा त्याच्या मुठींना खमंग वास आला. तेलकट. तिनं मूठ उघडून हुंगली आणि मग सुनेकडे पाहिलं.

"काय?" न्येमो म्हणाली.

दामारीनं बोटं चोचीसारखी जुळवून दाखवली.

न्येमोनं थोडा वेळ चुलीत काटकी सारली. मग म्हणाली, "सेचेलेलामावशीकडे. जुन्या जाळ्यात धरते ती. पिसं काढून निखाऱ्यावर भाजते. मला बोलावलं, मी गेले."

दामारीनं छाती बडवून वर बोट दाखवलं. देवानं पाठवलेली पीडा आणि तू खातेस? आणि तिच्या घरी?

"आई, अंगावर दूध नाही माझ्या. पोर रडतंय ते दिसत नाही का तुम्हाला? पाखरं आपला जोंधळा खातात, मी त्यांना खाते. फिटलं की." मग ती खाली बघून म्हणाली, "आणि तुमच्याबद्दल ती वाईट बोलली नाही. विचारत होती, आवाज आला का म्हणून. रात्री आवाज येत नाही म्हणे आता प्रार्थनेचा, तर झोप लागत नाही तिला."

अंधारात एलिएझा हसला, पण त्यानं खोकला काढला.

दोन दिवसांनी पोराला ताप भरला. अंग भट्टीसारखं, डोळे वर जायला लागले. न्येमोनं पोर बांधलं, पाण्याचा डबा घेतला आणि ती डोंगराच्या पायथ्याच्या दवाखान्याच्या वाटेला लागली. जाताना वळून म्हणाली, "आई, राखण..." आणि चालू लागली. दामारीनं हातानं "जा, जा" केलं.

आता रानात दोघं. एक मुकी, एक आंधळा. सकाळचा धूर त्या दिवशी मोठा होता. दामारी माळ्यावरून उतरली आणि ताटांमधून पळायला लागली, कारण वर उभं राहून काही होत नव्हतं. पानांच्या कडांनी दंडावर ओरखडे उठले. ती हातातल्या फडक्यानं पाखरांना मारायची, एक उडालं की शंभर बसायची. एलिएझा ओढत होता. दोरीनं त्याचे तळवे सोलले होते आणि दोरी लाल झाली होती. ओढता ओढता तो विचारत होता, "गेली का? योनाची आई, गेली का?" आणि तिला उत्तर देता येत नव्हतं. ती त्याच्याजवळ गेली, खांद्यावर थाप मारली. म्हणजे गेली. मग पुन्हा आली, तेव्हा थाप मारायला वेळ नव्हता.

ऊन डोक्यावर आलं. धूर बनात परतला. दाणे गेल्यानं रानाची ओढ्याकडची कड पांढरी पडली होती.

एलिएझा सावलीला आडवा झाला. "तूही पड जरा," तो म्हणाला. "आता कलेपर्यंत येत नाहीत."

ती पडली नाही. ती ओढ्यात उतरली. ओढा कोरडा होता, वाळू तापलेली, पण काठाच्या कपारीखाली पट्टाभर सावली होती. तिथं तिनं गुडघे टेकले. हात जोडले. तोंड उघडलं. हवा आली.

बरं, मनात. मनातल्या मनात तिनं सुरुवात केली, "हे सर्वसमर्थ प्रभू, तू ज्यानं आमच्या पूर्वजांना..." आणि तिच्या ध्यानात आलं की आपण मनातसुद्धा शब्द निवडतोय. कुठं आवाज चढवायचा, कुठं थांबायचं, कुठं बायका "हो प्रभू" म्हणतील ते ठरवतोय. मागे बाक नव्हते. समोर कपारीची माती, तिच्यात मुंग्यांची रांग. तिनं पुन्हा सुरुवात केली. पोराचा ताप. पाखरं. योना शहरात गेलाय, वर्ष झालं आला नाही. नवऱ्याचे डोळे. हे सगळं सांगायला तिनं एकेक वाक्य उचललं आणि प्रत्येक वाक्य तिला कुणाला तरी ऐकवल्यासारखं वाटलं. म्हणून तिनं ती टाकून दिली. एकेक करत सगळी टाकली. शेवटी टाकायला काही राहिलं नाही तेव्हा आतून आपोआप आलं:

दमले मी.

एवढंच. तिनं वाट पाहिली, आणखी काही येतंय का. दमले मी. बघतोस ना? मग तिनं कपाळ वाळूवर टेकलं. वाळू सावलीतली होती, गार होती. गुडघ्यांना बरं वाटलं. थोडा वेळ असंच राहावं, असं तिला वाटलं.

जाग आली ती कुणाच्या तरी ओरडण्यानं.

सावली ओढ्याच्या पार पलीकडे गेली होती. दामारी धडपडत उठली, पाय बधिर झाले होते. पडली, पुन्हा उठली. वरून पंखांचा गदारोळ येत होता आणि त्यात एक बाईचा आवाज, भरड, फाटका, जोरदार:

"उठा मुडद्यांनो! तुमच्या आईनं जेवायला घातलं नाही का तुम्हाला? उठा! तुमच्या सात पिढ्यांच्या पिसांचा भुगा करीन! म्हाताऱ्या, ओढ! डावीकडं ओढ! अरे डावा हात कुठला ते तरी माहितीय ना?"

"ओढतोय की!" हा एलिएझाचा आवाज. आणि तो हसत होता. दम लागलेला, खोकत, पण हसत होता.

दामारी काठावर चढली. तिच्या रानाच्या मधोमध सेचेलेला उभी होती. दोन्ही हातांत दोन डबे घेऊन ते एकमेकांवर आपटत होती. तिचं कमरेचं कापड सुटून ताटाला अडकलं होतं आणि ती आतल्या जुन्या परकरावरच होती. धूर उठला, फिरला आणि बांधापलीकडे गेला. सेचेलेलाच्या रानात. सेचेलेलानं तिकडे पाहिलं. पण ती धावली नाही, कारण इकडे अजून एक थवा उतरत होता. ती त्याच्याकडे वळली.

ऊन पुरतं उतरेपर्यंत ते तिघं थांबले नाहीत. बोलायला वेळच नव्हता. शेवटचा थवा बनात गेला तेव्हा सेचेलेला बांधावर मटकन बसली आणि तिनं कापड गुंडाळून घेतलं.

"कुठं होतीस गं?" तिनं विचारलं.

दामारीनं ओढ्याकडे बोट केलं. मग हात जोडून दाखवले.

सेचेलेलानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "प्रार्थना? गालाला वाळू चिकटलीय तुझ्या. कपाळावर मुंगी फिरतीय. झोपली होतीस तू."

दामारीनं गाल पुसला. वाळू हाताला आली. नाही म्हणता आलं असतं. मान हलवायला आवाज लागत नव्हता. ती उभी राहिली आणि मग तिनं होकाराची मान हलवली. झोपले होते.

"झोपली होती!" सेचेलेला एलिएझाला म्हणाली. "ऐकलंस का म्हाताऱ्या? तुझी पाळकीणबाई झोपली होती."

"झोपू दे," एलिएझा म्हणाला. "आठवडा झाला झोपली नव्हती."

सेचेलेलानं कमरेच्या गाठीतून पानात गुंडाळलेलं काही काढलं. दुपारची भाजलेली दोन पाखरं, गार झालेली, पाय काळे पडलेले. एक तिनं एलिएझाच्या हातात दिलं. दुसरं पुढे धरलं. "घे. खायचं नसेल तर तसं सांग. हो, सांगशील कशी म्हणा."

दामारी शेजारी बसली. पाखरू तिच्या तळहातापेक्षा लहान होतं. तिनं ते हाडांसकट चावून खाल्लं, कारण इतकं लहान हाड वेगळं काढता येत नव्हतं. चांगलं लागलं. आपल्याला किती भूक लागली होती ते तिला तेव्हा कळलं.

मग ती उठून बांधापलीकडे गेली. सेचेलेलाचा जोंधळा दामारीच्या जोंधळ्याच्या आधीचा, जास्त भरलेला होता. एक अख्खा कोपरा पांढरा झाला होता. वाकलेली ताटं, खाली सांडलेला चिकट भुसा, विष्ठेचा उग्र वास. आज दुपारचं होतं हे, भुसा अजून ओला होता. दामारीनं एक रिकामं कणीस हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली. मागून सेचेलेला आली.

"बघत काय बसलीस? गेलं ते गेलं. एका बाईच्यानं दोन्हीकडं पळणं होत नाही."

दामारीनं आधी स्वतःकडे बोट केलं, मग तिच्या रानाकडे, मग विळ्यानं कापायची खूण केली.

"आत्ता कापायचं?" सेचेलेलानं कणीस दाबून पाहिलं. "माझं निम्मं घट्ट झालंय. कापलं तर सुरकुतलेला का होईना, दाणा येईल. तुझं मात्र अजून दूध आहे. आणि तू इथं कापायला आलीस तर तुझ्यात बसतील ना ती."

दामारीनं खांदे उडवले.

"वेडी आहेस," सेचेलेला म्हणाली. "पहाटे ये. विळा आण. माझा एकच आहे."

पुढचे दिवस कापणीत गेले. दामारी वाकून कणसं छाटत होती, सेचेलेला टोपलीत भरून घराच्या सपाट मातीच्या छतावर नेऊन वाळत घालत होती. तिकडे दामारीच्या रानात एलिएझा एकटाच दोरी ओढत होता. डब्यांचा आवाज आला की दामारी कमरेत वाकलेलीच मान वळवायची. धूर तिच्या जोंधळ्यावर बसलेला दिसायचा. ती पुन्हा कापायला लागायची. विळा थांबायचा नाही. एकदा तर सेचेलेलाच म्हणाली, "जा गं, हाकल जा. माझं होईल." दामारी गेली नाही.

न्येमो परत आली तेव्हा पोराचा ताप उतरला होता. ते मानेवर डोकं टाकून गाढ झोपलं होतं. तिनं बांधावरून पाहिलं तर सासू सेचेलेलाच्या चुलीपाशी बसून पाखराची पिसं काढत होती. न्येमो तिथंच थांबली.

"बाबा," तिनं एलिएझाला हळूच विचारलं, "हे कधीपासून?"

"तू गेल्यापासून," तो म्हणाला. "मला दिसत नाही म्हणून बरं. तुला बसायचं असलं तर बस खाली, पोरी. पाय दुखले असतील."

मग दामारीचाही जोंधळा कापला, दुधातला, पिवळट, जितका हाती लागला तितका. खळ्यावर पडला तेव्हा सगळ्यांना कळलं की कणगी निम्मीसुद्धा भरायची नाही. एलिएझानं कणसांच्या ढिगात हात घातला, तो कोपरापर्यंतही गेला नाही. त्यानं हात तसाच ठेवला.

"पेरणीपर्यंत पुरत नाही," तो म्हणाला. "मी बहिणीकडं जाऊन राहतो डोंगरात. एक तोंड कमी. न्येमोला योनाकडं पाठव. त्याची बायको आहे, त्यानं खायला घालावं."

"आणि आई?" न्येमोनं विचारलं.

दामारीचा आवाज तोवर थोडा परतला होता. भांडं घासल्यासारखा, खालच्या पट्टीत. "मी आहे," ती म्हणाली. "बियाणं राखायला कुणीतरी पाहिजे."

त्या दुपारी कणसं झोडून झाली होती. सेचेलेला आणि दामारी सुपं घेऊन खळ्यावर उभ्या होत्या. गुरुजी आले. या वेळी सायकल त्यांनी लांब उभी केली.

"देवाची कृपा," ते म्हणाले. "खालच्या वस्तीत काहीच उरलं नाही. तुमच्या दोघींच्या घरात निदान काही आलं. लोक म्हणतात, योनाची आई ओढ्यात गुडघे टेकून बसली होती, तिच्या प्रार्थनेनं झालं."

सेचेलेलानं सूप खाली घेतलं आणि दामारीकडे पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं उत्तर दामारीवर सोडलं.

दामारीनं हातातला भुसा झटकला.

"मी झोपले होते, गुरुजी," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"झोप लागली मला. हिनं राखलं माझं रान. स्वतःचं सोडून." आवाज तुटत होता, तिनं घोटभर थुंकी गिळली. "चर्चमध्ये सांगायचं असलं तर तसं सांगा. नाव घेऊन सांगा."

गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "रविवारी तुम्हीच या ना सांगायला. प्रार्थनाही..."

"येईन. बसेन मागं. सांगायचं तुम्ही सांगा."

ते गेल्यावर दोघींनी पुन्हा सुपं भरली. झोडलेला दाणा आणि भुसा एकत्र पडला होता. वारा मात्र पडला होता. एक पान हलत नव्हतं. सुपं डोक्याच्या वर धरून त्या उभ्या राहिल्या. दंड थरथरायला लागले.

"सांग की तुझ्या देवाला," सेचेलेला म्हणाली. "वारा सोड म्हणावं."

"तूच सांग. माझं ऐकून ऐकून कंटाळला असेल तो."

"मला येत नाही."

"मलाही कुठं येतंय."

सेचेलेलानं जरा इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना. एलिएझा छपरीत झोपला होता. मग तिनं मान वर केली आणि अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून बोलावं तसं अडखळत म्हणाली, "ए... ऐकतोस का? थोडा वारा. भुसा उडण्यापुरता. आणि ही बाई दमलीय बघ."

"दोघी," दामारी म्हणाली.

"दोघी दमलोय."

वारा लगेच आला नाही. त्या सुपं वर धरून तशाच उभ्या राहिल्या.